आई-बाबा, पुढच्या जुलैत बुडापेस्टला चला

व्हिएन्ना, १७ ऑगस्ट २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांना
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "बरं, ठेवू का?" म्हणतात आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत जाते. म्हणून पत्र. चहा घेऊन सावकाश वाचा आणि पहिल्या पानावरच "जमायचं नाही" म्हणू नका.

पुढच्या वर्षी २४ ते २६ जुलैला बुडापेस्टजवळ फॉर्म्युला वनची शर्यत आहे. त्या वेळी तुम्ही दोघांनी इकडे असायचं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलंय. यंदाची ३ ऑगस्टची शर्यत आम्ही बघून आलो. तिथं बसल्या बसल्या एकच घोळत होतं, की हे बाबांनी बघायला हवं आणि शहर आईनं.

बाबा, "गाड्या गोल गोल फिरणार, त्यात बघायचं काय?" हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. टीव्हीवर तसंच दिसतं, खरंय. पण उद्यमनगरात लेथवर जन्म काढलेल्या माणसानं टीव्हीवर बघून मत बनवावं, हे काही पटत नाही. शर्यतीचा हंगारोरिंग नावाचा ट्रॅक मोग्योरोद गावाजवळच्या खोलगट जागेत आहे. दोन्ही अंगांना उतार. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीला माणसं माळाच्या चढावर छत्र्या घेऊन बसतात, तसेच इथले लोक गवतावर चटया टाकून बसतात. एका जागेवरून बरीच वळणं दिसतात. ट्रॅक ४.३८१ किलोमीटरचा, फेऱ्या ७०. अरुंद आणि वळणावळणाचा असल्यामुळं पुढच्या गाडीला मागं टाकणं अवघड, म्हणून इथं सगळं डोक्यानं खेळतात. यंदा जिंकलेल्या नॉरिसनं टायर एकदाच बदलले आणि त्याचा सहकारी पियास्त्रीनं दोनदा. शेवटी पियास्त्री नव्या टायरवर पुढच्याला गाठत आला, पण शेवटपर्यंत नॉरिसनं त्याला पुढं जाऊ दिलं नाही. सेकंदसुद्धा पुरा नव्हता दोघांत.

पण तुम्हाला न्यायचं ते रविवारच्या शर्यतीला नाही, शुक्रवारच्या सरावाला. शुक्रवारी गर्दी कमी, तिकीट स्वस्त, आणि खरी गंमत तेव्हाच. पहिल्या वळणाच्या जवळ बसायचं. लांबलचक सरळ रस्त्यावरून गाडी येते आणि ब्रेक लागतो तसे गिअर एकापाठोपाठ एक खाली येतात. तो आवाज ऐकून इंजिन कुणाचं आहे, हे आमच्या मागं बसलेले एक हंगेरियन आजोबा मान वर न करता सांगत होते. तुमची आठवण आली नसती तरच नवल. पूर्वीइतका कानठळ्या बसवणारा आवाज आता नाही. २०१४ पासून १.६ लिटरचं व्ही-सिक्स टर्बो आणि जोडीला विजेची मोटर आहे. तरी कानात बोळे घालावे लागतातच, ते मी आणीन.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी राखून ठेवलीय. या गाड्यांच्या चाकाला चार-पाच नट नसतात, मधोमध एकच मोठा नट असतो. म्हणून तर चारही चाकं अडीच सेकंदांच्या आत बदलून होतात. १९८७ साली याच ट्रॅकवर नायजेल मॅन्सेल पहिला चालला होता. सहा फेऱ्या राहिल्या असताना त्याच्या मागच्या उजव्या चाकाचा नट निघून पडला. खेळ खलास, आणि शर्यत नेल्सन पिकेनं जिंकली. "नट बसवणाऱ्याकडं लक्ष द्यावं लागतं, गाडी चालवणाऱ्याकडं कुणीही देतं", असं तुम्ही म्हणणार, ते मला आत्ताच ऐकू येतंय.

इथली पहिली फॉर्म्युला वन शर्यत १९८६ ची. तेव्हा हंगेरीत कम्युनिस्ट राजवट होती आणि कम्युनिस्ट बाजूच्या कुठल्याही देशात ही शर्यत तोवर झालेलीच नव्हती. फॉर्म्युला वनचा कारभार बघणाऱ्या बर्नी एक्लस्टनला खरं तर मॉस्को हवं होतं. ते काही जुळलं नाही आणि बुडापेस्टचं नशीब उघडलं. ट्रॅक आठ-नऊ महिन्यांत बांधून काढला. आपल्याकडं तेवढ्यात निविदा तरी उघडते का? आपल्या देशातही ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबॅस्टियन वेटेल हा जर्मन चालक जिंकला, आणि मग बंदच पडली. यंदा इथं फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या शर्यतीत, बेंगळुरूचा कुश मैनी धावत होता. त्याची गाडी समोरून गेली की आम्ही दोघंच ओरडायचो आणि आजूबाजूचे बघत राहायचे.

आता आई. तुझे गुडघे मी विसरलेली नाही, सगळा बेत त्यांच्याभोवतीच आखलाय. व्हिएन्नाहून सकाळच्या गाडीनं निघायचं, दोन तास चाळीस मिनिटांत बुडापेस्टचं केलेती स्टेशन. जाताना तुला खिडकीची जागा. शुक्रवारी शहराच्या कडेच्या ओर्श वेझेर तेरे स्टेशनवरून जुनाट हिरव्या डब्यांची लोकल पकडायची. मी आणि बाबा सिलासलिगेटला उतरून ट्रॅकवर जाणार. तिथून अर्धा-पाऊण तास चालायचं आहे, बाबा रंकाळ्याला रोज फेरी मारतात, त्यांना काही वाटणार नाही. तू आणि जावईबापू त्याच गाडीत बसून पुढं गोडोलोला जायचं. तिथं ऑस्ट्रियाची सम्राज्ञी आणि हंगेरीची राणी एलिझाबेथ, म्हणजे सिसी, तिचा राजवाडा आहे. इकडं व्हिएन्नात तिचं नाव ऐकून ऐकून कान किटलेत, पण ती रमायची हंगेरीतच. बाग सपाट आहे, बाकं भरपूर.

शनिवारी २५ तारखेला आषाढी आहे. अधिक महिन्यामुळं पुढच्या वर्षी ती लांबलीय. उपास सोडायला मी सांगणार नाही, साबुदाणा आणि दाण्याचं कूट इथूनच घेऊन जाऊ. त्या दिवशी पायाला तोशीस नको. डॅन्यूबच्या काठानं दोन नंबरची ट्राम जाते, तिच्यात बसून राहायचं. पार्लमेंट, साखळी पूल, पलीकडं बुडाचा किल्ला, सगळं बसल्या जागी दिसतं. पूर्वी बुडा आणि पेस्ट ही दोन वेगळी गावं होती, १८७३ साली ओबुडासकट एक झाली. मला विचारशील तर पेस्टच्या बाजूनं बुडा बघण्यात जास्त मजा. वर चढून गेलं की नुसतेच फोटो काढणारे.

तू वर्गात मुलांना अमृता शेरगिलची चित्रं दाखवायचीस, ती याच शहरात १९१३ साली जन्मली. आई हंगेरियन. लहानपणीची वर्षं इथंच गेली, आठव्या वर्षी सिमल्याला आली. तुझ्यासाठी बुडापेस्टला जायला एवढं कारण पुरावं, मोटारींचं सोड.

द्वादशीला उपास सुटला की मोठ्या मंडईत, रविवारी उघडी असली तर. १८९७ सालची लोखंडी छपराची इमारत. आत गेलं की मिरच्यांच्या माळाच माळा. त्यांची पाप्रिका म्हणजे लाल तिखटच, पण रंग ब्याडगीचा आणि तिखटपणा जवळपास नाही. तू नाक मुरडणार. पण याच मिरचीतून हंगेरीतल्या सेगेड शहरातल्या सेंट-ग्योर्गी नावाच्या शास्त्रज्ञानं क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात काढलं, त्याला १९३७ चं नोबेलही मिळालं. वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो. भटुऱ्याएवढा तळलेला, वर लसूण, घट्ट आंबट साय आणि किसलेलं चीज. शाकाहारी आहे, पण दोघांत एकच घ्या.

मग रविवारी दुपारी जावईबापू एकटे शर्यतीला जातील, त्यांना गर्दीच आवडते. आपण तिघं सेचेनी बाथला, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांवर. जायला पिवळी छोटी मेट्रो आहे, १८९६ सालची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी. ती रस्त्याच्या अगदी खालूनच जाते, त्यामुळं जिने छोटे आहेत. पांढऱ्या फरश्या, हिरवे लोखंडी खांब. बाबा खांबांवरचे रिवेट बघत बसणार आणि गाडी चुकवणार. बाथचं पाणी जमिनीत हजार मीटरच्याही खालून येतं, तेव्हा ७० अंशांच्या वर असतं, मग निववून सोडतात. म्हातारी माणसं छातीभर पाण्यात उभी राहून बुद्धिबळ खेळतात. गुडघ्यांना याच्यासारखं काही नाही. साडी चालत नाही, पण अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो मी घेऊन ठेवीन. तिथं तुला ओळखणारं कुणी नाही, उगाच संकोच करू नकोस. बाबांना रविवारीही ट्रॅकच हवा असेल तर आधी सांगा, म्हणजे छताखालची खुर्ची बघते. जुलैच्या उन्हात गवतावर दिवसभर बसवणार नाही.

खर्चाचं मनावर घेऊ नका. शर्यतीच्या आठवड्यात हॉटेलचे दर चढतात म्हणून मी खोल्या आत्ताच धरून ठेवतेय, नंतर रद्द करता येणाऱ्या.

तुमच्याकडून एवढंच हवंय. गणपती झाले की बाबांनी दोघांच्या पासपोर्टची मुदत बघायची. इथून परत निघाल्यावर किमान तीन महिने शिल्लक लागते, त्याहून कमी असेल तर लगेच नूतनीकरणाला टाका. व्हिसा ऑस्ट्रियाचा काढायचा, त्यावरच हंगेरी चालतं. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, म्हणजे जानेवारीअखेरीस मुंबईची एक चक्कर. प्रवासविमा तीस हजार युरोंचा लागतो, तो मी इथून काढते. आईनं डॉक्टरांना विमानप्रवासाचं आणि गरम पाण्याचं आधीच विचारून ठेवावं, आणि ते काय म्हणाले ते मला जसंच्या तसं सांगावं, गाळून नाही.

तुमची लेक

ता. क. कांदा-लसूण चटणी अर्धा किलोच आणा. मागच्या वेळी बॅगेला वास लागला तो अजून गेलेला नाही.