‘पियानोवर कोण आहे?’ असं विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत, गाणाऱ्यांवरचे माझे लेख वाचून हल्ली लोक चर्चमधल्या उपासनेनंतर थांबून माझ्याशी बोलतात. कौतुक माझं होतं, पण त्या लेखांमागे तुमची किती मेहनत आहे हे कुणाला ठाऊक नसतं. ते सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

महालिया जॅक्सन यांच्यावरचा लेख मी तुम्हाला वाचून दाखवला होता, आठवतं? १९११ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्म. शेजारच्या चर्चमधून कानावर पडणारे ढोल आणि खंजिऱ्या. मग शिकागो, आणि १९४७ साली ध्वनिमुद्रित झालेलं, अमेरिकाभर गाजलेलं ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, “पियानोवर कोण आहे?” उभा जन्म उपासनेत पायपेटी वाजवलेल्या माणसालाच हे विचारावंसं वाटणार.

त्या एका प्रश्नामुळे मला मिल्ड्रेड फॉल्स भेटल्या. कितीतरी वर्षं त्या महालियांच्या साथीला होत्या. महालियांवर भरभरून लिहिलं गेलं, फॉल्स यांच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी एखादी ओळ येते. १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातलं ध्वनिमुद्रण आपण दोघींनी तुमच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं. तुम्ही म्हणालात, “आता गाण्याकडे लक्ष देऊ नकोस, डावा हात ऐक.” मी ऐकत गेले. महालिया एखादा शब्द ओढून धरतात, लय सोडून भलतीकडेच निघाल्यासारख्या वाटतात, आणि परततात तेव्हा फॉल्स समेवर आधीच हजर असतात. संथ गाण्यात त्यांच्या बोटांतून तीन-तीन मात्रांचे झोके येऊ लागले तेव्हा तुम्ही टेबलावर ताल धरलात आणि म्हणालात, “अगं, हा तर आपला दादरा!” त्या दिवसापासून माझं ऐकणंच बदललं, बाई. त्याआधी मी आवाजावर प्रेम करत होते. त्यानंतर मला कळायला लागलं की असा आवाज मोकळा सुटतो, कारण त्याला सांभाळणारं कुणीतरी मागे बसलेलं असतं.

आदरांजली लिहिण्याचं पहिलं फळ मला हे मिळालं. आवडतं गाणं आपण नुसतं ऐकतो तेव्हा ते आपल्या सवयीचं होऊन जातं. त्याच्याबद्दल दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की प्रत्येक वाक्यासाठी पुन्हा त्या गाण्याकडे जावं लागतं. श्वास कुठे घेतला, कुठला शब्द दोनदा म्हटला, समूह नेमका कधी उठला, सगळं तपासावं लागतं. ‘दैवी आवाज’ असं मी लिहिलं की तुम्ही तिथे पेन्सिलीने रेघ मारायचात आणि म्हणायचात, “म्हणजे कसा, ते लिही.” त्या रेघांसाठी तुमचे आभार किती मानू?

दुसरं फळ अगदी अनपेक्षित होतं. महालिया १९७१ साली भारतात आल्या होत्या, दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत गायल्या होत्या, असं मी लेखात लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७२ मध्ये, त्या गेल्या. लेख वाचून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. मुंबईच्या कार्यक्रमाला ते तरुणपणी गेले होते. बोलता बोलता त्यांनी एक ओळ गुणगुणली. सूर थरथरत होता, पण चाल चोख होती. घरात कुणाला त्यात रस नव्हता म्हणून इतकी वर्षं ही आठवण त्यांनी मनातच ठेवली होती, असं म्हणाले. माझा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचला याचा जो आनंद मला झाला, तो कुठल्याही बक्षिसाने झाला नसता.

गॉस्पेल गाणी रचणाऱ्या थॉमस डॉर्सी यांच्यावर लिहायचं धाडस तर तुमच्यामुळेच झालं. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं चर्चबाहेरचं लौकिक संगीत, वाजवणारा, ब्लूज गायिका मा रेनींना पियानोची साथ करणारा हा माणूस. ऑगस्ट १९३२ मध्ये ते सेंट लुईसला सभेसाठी गेले असताना तार आली: बाळंतपणात पत्नी नेट्टी गेली. पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ आलं, तेही ‘मेटलंड’ या जुन्या चर्चगीताच्या चालीचा आधार घेऊन. पुढे हेच गाणं महालिया डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गायल्या, आणि महालियांच्या अंत्यविधीत गायिका अरिथा फ्रँकलिन गायल्या.

डॉर्सींची गाणी सुरुवातीला अनेक चर्चना नकोशी होती, त्यांत ब्लूजचा वास येतो म्हणून. हे वाचून झाल्यावर तुम्ही आपलं ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडलंत आणि रेव्हरंड टिळकांची पदं काढलीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आळवलं, परक्या चालींवर गाणाऱ्या मंडळीला तिच्या आईच्या बोलीतलं गाणं दिलं. “दोघांनी एकच केलं,” तुम्ही म्हणालात. “घरात जे गात होते, तेच देवासमोर घेऊन गेले.” डॉर्सींचं शिकागो आणि टिळकांचं नगर मला त्याआधी कधी इतके जवळ वाटले नव्हते. तुमचं हे वाक्य मी लेखात तुमचं नाव न देता वापरलं, कारण तुम्ही बजावलं होतंत. आज एवढं तरी सांगू द्या की ते तुमचं होतं.

सिस्टर रोझेटा थार्प यांचा लेख लिहिताना मात्र माझा जीव गलबलला. भर चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या, पुढच्या सगळ्या रॉक संगीताला वाट दाखवणाऱ्या या बाई १९७३ मध्ये फिलाडेल्फियात वारल्या, आणि कित्येक वर्षं त्यांच्या कबरेवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००७ मध्ये गेल वॉल्ड यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, २००८ च्या जानेवारीत दगडासाठी निधी उभारायला कार्यक्रम झाला, आणि अखेर दगड बसला. २०१८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनेही त्यांना मान दिला. आपल्या माणसांबद्दल कुणीतरी लिहीत राहणं किती गरजेचं आहे, हे मला रोझेटांच्या त्या कबरेने पटवलं. मराठीत लिहून काय होणार, अमेरिकेतल्या गायकांना त्याचं काय, असं मला विचारणारे भेटतात. आपल्या युवक संघातली एक मुलगी तो लेख वाचून गिटार शिकायला लागली आहे. मी त्यांना तिच्याबद्दल सांगते.

बाई, तुमच्या हातांना आता संधिवाताने पायपेटीवर फार वेळ बसवत नाही, हे मी पाहते. तुमचा कान मात्र तसाच तल्लख आहे आणि मला त्याचीच गरज आहे. पुढचा लेख रॉबर्टा मार्टिन यांच्यावर लिहायला घेतला आहे. पियानोवर बसून स्त्री-पुरुषांचा मिळून समूह चालवणाऱ्या, शिकागोत स्वतःचं संगीत प्रकाशन उभं करणाऱ्या. त्यांचे स्वर लावण्याचे काही प्रकार मला उलगडत नाहीत. रविवारी उपासना झाली की ध्वनिमुद्रणं घेऊन येते. पेन्सिल टोक करून ठेवा.

तुमची कृतज्ञ,
अल्टोच्या रांगेतली तुमची विद्यार्थिनी