रीडिंगला मार्क, विचाराला काहीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेला मी बरीच वर्षे बाहेरचा परीक्षक म्हणून जात असे. शहरातल्याच एका महाविद्यालयातला एक प्रसंग अजून मनातून जात नाही. ऑक्झॅलिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही एन बाय टेन म्हणजे सारख्याच ताकदीचे, असे साधे टायट्रेशन होते: ठरावीक आम्लाला पुरेल इतका सोडा थेंबथेंब घालायचा आणि किती मिलिलिटर लागला ते लिहायचे. अख्ख्या बॅचची रीडिंग 10.0, 10.0, 10.0. एकाच मुलीची 10.5, 10.4, 10.5. तिला विचारले, "असे का आले?" ती म्हणाली, "सर, सोड्याचे द्रावण मागच्या आठवड्यात केले होते आणि बाटलीचे बूच सैल होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची ताकद कमी झाली असेल, म्हणून जास्त लागतंय." बाटली उचलून पाहिली. बूच खरंच सैल होते.

गुणदानाच्या तक्त्यात मात्र 'अपेक्षित रीडिंगपासून फरक 0.2 पर्यंत असेल तर पूर्ण गुण' एवढेच होते. सोबतचे अंतर्गत परीक्षक म्हणाले, "सर, स्कीम बदलता येत नाही." शेजाऱ्याचे आकडे उतरवणाऱ्यांना पूर्ण गुण मिळाले, तिचे कापले गेले. त्या गुणपत्रकावर माझीही सही आहे. तेव्हा मी अडून बसायला हवे होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत आले. अभ्यासक्रमात प्रत्येक पेपरपुढे 'कोर्स आउटकम' छापलेले असतात: विद्यार्थी विश्लेषण करू शकेल, निष्कर्ष काढू शकेल, प्रयोगातल्या चुका ओळखू शकेल. हे वाचून मला मनापासून आनंद होतो. या ओळी चांगल्याच आहेत. पण त्या मुलीने जे केले ते नेमके याच ओळींतले होते आणि तपासताना त्यासाठी एकही गुण नव्हता. लेखी परीक्षेतही 'टिपा लिहा' आणि 'व्याख्या लिहा' यांचेच राज्य. मुले गाइड पाठ करतात, कारण विचारले जाते तेच. त्यांना दोष कसा द्यायचा?

वर्षाअखेरीस शिक्षक एक्सेलमध्ये 'अटेनमेंट' भरत बसतात. कोणते उद्दिष्ट किती साध्य झाले, पातळी 1, 2 की 3. हे आकडे त्याच पाठांतराच्या गुणांवरून निघतात. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची फाइल तयार होते, पण मुलाला बिघडलेले द्रावण ओळखता येते का, हे त्या फाइलीत कुठेच नसते.

आपल्या नागपुरात यासाठी वेगळे काही आणायला नको. घरी नळाला पेंच-कन्हानचे पाणी येते, अनेक वस्त्यांत बोअरवेल आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्हींचा नमुना आणावा, ईडीटीए या रसायनाने कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण) मोजावा, तीन वेळा मोजून फरक का आला ते लिहावे आणि पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी ताडून पाहावे. आयएस 10500 मध्ये कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत. आकडा या दोन मर्यादांच्या मध्ये आला तर घरच्यांना काय सांगशील, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारावा. ईडीटीए घालताना नमुन्याचा वाइनसारखा लाल रंग निळा होतो तो क्षण ज्याने स्वतः पकडला, तो उत्तर देईल. उतरवणारा तिथेच थांबेल.

बॅच मोठ्या, कायम शिक्षक कमी, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर भार जास्त, हे मला ठाऊक आहे. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास मिळतात, त्यातले चार-पाच तास यासाठी काढणे अवघड आहे, अशक्य नाही. तोंडी परीक्षेला मुलामागे दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटे द्यावी लागतील, बस.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे. हिवाळी परीक्षेच्या प्रात्यक्षिकांचे गुणदान ठरवताना निम्मे गुण तरी रीडिंगच्या कारणमीमांसेला ठेवा आणि तो तक्ता सत्र सुरू होतानाच मुलांच्या हाती द्या.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक,
प्रतापनगर, नागपूर