आंबेनळी घाटात थांबलेल्या टेम्पोवाल्या काकांचे आभार

रविवारी पहाटे पोलादपूरहून महाबळेश्वरकडे सायकल काढली. चाळीसेक किलोमीटर, बहुतेक सगळा चढ. १६५९ मध्ये अफझलखान प्रतापगडाखालच्या पार गावी उतरला तो रडतोंडीच्या घाटाने. ते नाव का पडलं असेल, हे मला शेजारच्या या घाटात कळलं!

वाडा कुंभरोशीच्या अलीकडे फट्ट आवाज झाला. मागचा टायर बाजूने दोन बोटं फाटला होता. नवी ट्यूब घातली, तर तीही फटीतून फुग्यासारखी बाहेर यायला लागली. मोबाइलला रेंज नाही.

काका, तुम्ही घाट उतरत होता. टेम्पो कडेला लावून विचारलंत, "काय झालं गं पोरी?" सीटखालची जुनी ट्यूब कापून तुकडा टायरच्या आत बसवलात, "गेटर झाला, हवा जरा कमीच ठेव" म्हणालात. मग माझे काळे हात बघून निरम्याची पुडी काढलीत आणि तुमच्या बाटलीतलं सगळं पाणी माझ्या हातांवर ओतलंत. प्यायला तुम्हाला उरलं का, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

पैसे घेतले नाहीत. "वर जाऊन चहा पी त्याचा."

प्यायले, काका. तुकडा अजून टायरात आहे. मनापासून आभार.