नाश्त्याच्या लेखात खर्रा कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला नाश्त्यावरचा लेख वाचला. फोटोतली वाटी देखणी होती, त्याबद्दल अभिनंदन. मात्र मोठी माणसं नाश्ता का सोडतात, याचं उत्तर अख्ख्या लेखात एकच: आळस. सातच्या पाळीसाठी अंधारात उठून बुटीबोरीच्या कारखान्यांची बस धरणाऱ्याला आळशी म्हणायचं म्हणजे कमालच! रात्री अकराला जेवलेल्याला सकाळी सहाला भूक नसते. चार डबे भरून देणाऱ्या बाईला तर भूक असूनही वेळ नसतो.

आणि नागपुरात बसून खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं घोटलेलं मिश्रण, कसा विसरलात? तंबाखूतलं निकोटीन भूक मारतं. सकाळीच खर्रा तोंडात गेला की पोट बराच वेळ काही मागत नाही. खर्ऱ्यातल्या सुपारीचा त्रास त्याहून चिवट. रोज चघळून गालाचं अस्तर पांढरट आणि ताठ होतं. आधी तिखटानं आग होते, पुढे तोंडच पुरतं उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दंतवैद्याला दाखवावं. पोह्यांवरची तर्री (तिखट रस्सा) झोंबते म्हणून पोहे सोडलेला माणूस ‘सकाळी काही जात नाही’ एवढंच सांगतो. त्याची नोंद तुमच्याकडे आळशांत!

‘नाश्ता सोडला की वजन वाढतं’ हेही बेधडक छापलंत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या २०१९ च्या आढाव्यात १३ चाचण्या होत्या. त्यांत नाश्ता करणाऱ्यांच्याच पोटात दिवसाकाठी सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या होत्या. खरी काळजी मधुमेहींची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते: घाम, थरथर, गोंधळ. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. चौकट या मजकुराची हवी होती. तुम्ही ती अ‍ॅव्होकाडोला दिलीत.

पाळीवाल्यांना पोहेच बरे. शेंगदाणे रात्रीच भाजून ठेवावेत. पोहे मात्र रात्री भिजवू नयेत, लगदा होतो. सकाळी चाळणीत धुतले की पुरे. ५० ग्रॅम पोह्यांत प्रथिनं जेमतेम साडेतीन ग्रॅम, म्हणून ३० ग्रॅम शेंगदाणे टाकायचे. त्यातून आणखी सातेक ग्रॅम मिळतात.

जाता जाता: त्याच पानाच्या तळाशी ‘सकाळी एक ग्लास, दुपारपर्यंत भूक नाही’ अशी भुकटीची रंगीत जाहिरात आहे. वर नाश्ता सोडू नका, खाली सोडा! तुमचा संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग एकाच इमारतीत बसतात ना?

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर