चिऱ्याच्या खाणीपाशी मला थांबवणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन नंबर माझ्याकडे आहे, तरी हे सगळ्यांसमोर लिहितेय. त्या रविवारी तुम्ही जे केलंत ते एकट्या माझ्यासाठी नव्हतं. आठ दिवसांनी शर्यतीत त्या वाटेनं जो जो सायकल घेऊन आला, त्याच्या ते कामी आलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना याचा पत्ताही नाही. नात हे वाचून दाखवील तेव्हा काकींनाही जवळ बसवा.

आम्ही दोघी उजाडताच गोव्यातलं वाळपई सोडून पुढे आलो होतो. शर्यतीची रेकी करायची होती. डांबरी रस्त्यावर मी सहा वर्षं सायकल चालवतेय, पण माउंटन बाइकची ही माझी पहिलीच शर्यत. जंगलात पाचोळ्याखाली दगड आहे की खड्डा, ते चाक वर गेल्यावरच कळतं. म्हणून आदल्या आठवड्यात मार्ग एकदा सावकाश फिरून पाहायचा असतो. कुठे चढाआधीच गिअर हलका करायचा, कुठे ब्रेक सोडून द्यायचा, कुठे उतरून सायकल खांद्यावर घ्यायची, हे अंगात मुरवून घ्यायचं. मार्गाची फाइल आयोजकांनी पाठवली होती. मोबाइलवरची निळी रेघ धरून आम्ही चाललो होतो.

काजूच्या बागायतीतून उतार लागला. रुंद, मोकळा, वेग घ्यावासा वाटणारा. पुढे वाट डावीकडे वळत होती आणि रेघ सरळ जात होती. मी रेघेवर विश्वास ठेवला. तेवढ्यात मागून तुमची हाक आली, "राव गो बाय, राव!" म्हणजे थांब गं, थांब. मी दोन्ही ब्रेक दाबले, जांभ्याच्या बारीक खड्यांवर मागचं चाक सटकलं आणि मी आडवी झाले.

तुम्ही धावत आलात, मला उठवलंत. रागावला नाहीत. कोयत्यानं समोरची करवंदाची जाळी बाजूला केलीत फक्त. पलीकडे चिऱ्याची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाची, जुनी खाण होती. भिंतीसारखी सरळ कापलेली, कापाच्या आडव्या रेषा अजून स्पष्ट, तळाशी हिरवं साचलेलं पाणी. माझ्या पुढच्या चाकापासून दोन पावलं. तुम्ही एक खडा टाकलात. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, तो मला अजून आठवतो.

पूर्वी वाट सरळच होती, तुम्ही म्हणालात. खाण खणली गेली तशी माणसांनी वाट सरकवली. नकाशातली रेघ मात्र जुन्या वाटेवरच राहिली. त्यात मोबाइलचा जीपीएस उघड्या आकाशाखालीसुद्धा साधारण ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो, दाट झाडीत त्याहून जास्त. दोन पावलांचा हिशेब त्याला कुठून कळणार?

काजू धरायच्या आधी झाडांखालचं रान साफ करायला तुम्ही घरून निघाला होतात. ते काम त्या दिवशी तसंच राहिलं. कोयता खांद्यावर टाकून तुम्ही पुढे आणि सायकली ढकलत आम्ही मागे, असं दुपारपर्यंत चाललो. सायकल तुम्ही शाळेत जाताना चालवली असेल तेवढीच. पण वाट कशी वाचायची ते मी तुमच्याकडून शिकले. वळणावर सुटे खडे बाहेरच्या बाजूला साठलेले आहेत आणि आतल्या बाजूची जमीन घट्ट आहे, हे तुम्ही पायानं खडे सारून दाखवलंत. तेव्हापासून ब्रेक वळणाच्या आधीच आटोपते, वळणात नाही. टायरमधली हवाही कमी केली, ३५ वरून २६ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणली. मगरीच्या पाठीसारख्या सालीच्या त्या माटीच्या (ऐनाच्या) झाडापाशी मुळं वाटेत आडवी आली आहेत आणि वरून पाचोळा. तिथे तुम्ही फांदी रोवलीत, म्हणून मला ती जागा शर्यतीत लांबूनच दिसली. व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, गव्याच्या खुरांचे ताजे ठसे दाखवलेत. हजार किलोपर्यंत भरणारं जनावर पहाटे पाण्यावर असतं, तेव्हा वळणाआधी घंटी वाजवत जा आणि दिसलं तर थांबून त्याला वाट द्या, म्हणालात. ही सूचना आता शर्यतीच्या पत्रकात आहे.

आणि राय, म्हणजे देवराई. रेघ सरळ तिच्या मधून जात होती. तुम्ही कडेला चपला काढल्यात, हात जोडलेत आणि म्हणालात, "हांगच्यान चाकां न्हेवं नाकात." इथून चाकं नेऊ नका. देवाची जागा आहे, एवढंच कारण तुम्ही दिलंत आणि मला ते पुरेसं होतं. आत गारवा होता, पायाखाली ओल होती. बांबर गावची निरंकाराची राय मी पाहिली आहे. तिथे चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं झाडाला श्वास घ्यायला लागतात. तुमच्या रायीतली झाडं वेगळी, पण अशा भुसभुशीत जमिनीवरून दीडशे सायकली गेल्या तर काय उरेल, ते सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. संध्याकाळीच आयोजकांना फोन केला. त्यांनी मार्ग रायीच्या बाहेरून नेला. ४०० मीटर वाढले, एक खडा चढ वाढला, कोणीही तक्रार केली नाही.

आगीचंही तुम्हीच बजावलंत. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या रानात वणवे लागले, ते बोलताना तुमचा आवाज बदलला होता. म्हणून पाण्याच्या ठिकाणी कुठेच चूल पेटवली नाही, विडी-सिगारेटला बंदी ठेवली आणि खुणेच्या फिती त्याच संध्याकाळी मोजून परत गोळा केल्या.

त्या दुपारी काकींनी आम्हाला पेज वाढली, सोबत तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं. सोललेल्या कोपराला हळद लावली. एवढ्या घामानंतर ते मीठ पोटात गेलं आणि डोकं हलकं झालं.

शर्यतीच्या दिवशी मी त्या उतारावर आले तेव्हा खाणीच्या वळणावर तुम्ही लाल पंचा घेऊन उभे होतात. तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. नंतर कळलं की पहिली सायकल येण्याआधीपासून शेवटची जाईपर्यंत तुम्ही तिथेच होतात. त्या वळणावर एकही जण पडला नाही. मी हात वर केला, पण थांबता आलं नाही, म्हणून तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता म्हणते: काका, मनापासून आभार.

येत्या रविवारी आम्ही सहा जण येतोय. आयोजकांनी खाणीच्या कडेला बांधलेली दोरी पावसात टिकायची नाही. गुरंही तिकडे चरतात. तिथे चांगली वई, म्हणजे कुंपण, घालू. काठ्या आधीच तोडून ठेवू नका, ते काम आमचं. काकींना सांगा, पेजच करा, आणि लोणचं तेच.

तुमची बाय,
फोंडा