अख्खा अध्याय वाचायला शिकवणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

स्वतःविषयी चार चांगले शब्द ऐकायला तुम्हाला संकोच वाटतो, हे ठाऊक असूनही मंडळीतील इतरांनी वाचावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आमच्या घरातील दीर्घ आजारपणात पुष्कळांनी मला बायबलमधील वचने पाठवली. ती प्रेमापोटी पाठवलेली होती, त्यामुळे तक्रार अशी नाही. परंतु अध्यायातून सुटे काढलेले एकेक वचन वाचत गेले की देवाचा विश्वासूपणा म्हणजे आपल्या मागणीचे तत्काळ उत्तर, अशी समजूत नकळत होते आणि उत्तर लांबले की तीच समजूत छळू लागते. तुम्ही मात्र एकही वचन पाठवले नाही. तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि अख्खा अध्याय मोठ्याने वाचायला लावलात.

उत्पत्तीच्या 16व्या अध्यायाच्या शेवटी अब्राम 86 वर्षांचा आहे, आणि 17व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तो 99 वर्षांचा झालेला आहे. या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेवर तुम्ही बोट ठेवलेत आणि म्हणालात, "ही तेरा वर्षं. इथं जरा थांब." वयाच्या 75व्या वर्षी हारान सोडणाऱ्या आणि मुलगा इसहाक याच्या जन्मावेळी शंभरीला पोहोचलेल्या त्या माणसाशी देव या तेरा वर्षांत काही बोलल्याची नोंद नाही. तरीही 17व्या अध्यायात देव संतती देण्याचे जुनेच अभिवचन पुढे चालवतो, आणि ते मागे घेतले गेले नव्हते, हे ती कोरी जागा ओलांडल्यावरच कळते. माझ्या घरातील शांततेकडे मी त्यानंतर निराळ्या नजरेने पाहू लागले.

विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायाबाबतही तुम्ही असेच केलेत. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे 23वे वचन मला तोंडपाठ होते. पण तिथे पोहोचण्याआधी कवी म्हणतो की मी आक्रोश केला तरी देव माझी प्रार्थना कानांआड करतो, आणि माझी आशा संपली आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झालेले असताना लिहिलेल्या या ओळी तशाच राहू दिलेल्या आहेत. कोणी त्या सौम्य केल्या नाहीत. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने गाऱ्हाणे घालू नये, असे मला लहानपणापासून वाटत आले होते (कोणी शिकवले, देव जाणे), ते ओझे त्या वाचनाने उतरले. आता मी 88वे स्तोत्रही वगळत नाही, जरी ते अंधारातच संपते.

आजार गेलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पण प्रार्थना करताना मी आता देवाला मुदत घालत नाही, आणि हा बदल तुमच्या त्या शेजारी बसण्यातून आला, त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

सध्या यिर्मयाचा 29वा अध्याय वाचत आहे. भविष्याची आशा देणारे 11वे वचन सर्वत्र लिहिलेले दिसते, पण त्याच्याच आधीच्या वचनात 70 वर्षे सांगितलेली आहेत, म्हणजे बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले ते पत्र ऐकणाऱ्या पुष्कळ प्रौढांना मायदेशी परतीचा दिवस दिसणारच नव्हता. तरी त्यांना घरे बांधायला आणि बागा लावायला सांगितले आहे. त्यांनी ते कसे ऐकले असेल, यावर तुमच्याशी बोलायचे आहे. येत्या आठवड्यात सवड काढाल का?

तुमची नम्र,
मंडळीतील एक भगिनी