ब्रिज हम्बकर वर्णनाप्रमाणे नाही, बदलून मिळावा: तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: इलेक्ट्रिक गिटारच्या हम्बकर पिकअप संचातील ब्रिज पिकअप जाहिरातीपेक्षा वेगळा निघाल्याबाबत

महोदय,

मी मिरजेत राहतो. गेले अकरा महिने नोकरी सांभाळून घरी एक इलेक्ट्रिक गिटार बांधतो आहे. आमच्या भागात सतार-तंबोऱ्याचे कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एकांकडून तूण लाकडाची जुनी, नीट वाळलेली फळी मिळाली आणि तिची बॉडी केली. हे लाकूड महोगनीच्याच कुळातले, पण वजनाला हलके. मान तयार घेतली, स्केल २५.५ इंच. बाकी कोरणे, घासणे, पॉलिश सगळे हाताने केले.

पिकअप म्हणजे तारांखाली बसणारा, चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा (कॉइलचा) भाग; तो तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. तो निवडायला मला दोन महिने लागले. घराचे वायरिंग जुने असल्यामुळे सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) लावला की ५० हर्ट्झची घूं ऐकू येते, म्हणून हम्बकर घ्यायचा हे नक्की होते. त्यात दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट असतात, त्यामुळे तारेचा आवाज जुळतो आणि बाहेरची घरघर कटते. मला खूप तापट, म्हणजे जोरदार सिग्नल देणारा पिकअप नको होता. सौम्य, पन्नासच्या दशकातल्या हम्बकरच्या जवळ जाणारा हवा होता. तुमच्या पानावर या संचाचे वर्णन असे होते: नेक (मानेकडचा) पिकअप अल्निको २ चुंबकाचा, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) ७.४ किलोओहम, ब्रिज (घोडीकडचा) पिकअप अल्निको ५, ८.२ किलोओहम, पोलमधले (तारांखालच्या खिळ्यांमधले) अंतर ५२ मिमी, चार वायरी. ऑर्डर देण्याआधी मी माझ्या ब्रिजची मापे ई-मेलने पाठवली आणि तुमच्याकडून लेखी उत्तर आले की हाच संच योग्य. त्या उत्तरावर विसंबून ११,८०० रुपये भरले.

नेक पिकअपबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रेझिस्टन्स ७.५ भरला, आवाज गोल आणि मोकळा आहे. तो ज्यांनी गुंडाळला त्यांना माझे धन्यवाद कळवा.

ब्रिज पिकअप मात्र वेगळाच आहे. मल्टिमीटरवर तो १४.६ किलोओहम दाखवतो. बाजूच्या फटीतून चुंबकाची कड दिसते, तिच्यावर मीटरची दोन्ही टोके टेकवून पाहिली तर मीटर वाजत नाही. अल्निको हा धातू आहे, त्यातून वीज जाते; सिरॅमिकमधून जात नाही. म्हणजे चुंबक सिरॅमिकचे आहे. पहिल्या आणि सहाव्या पोलमधले अंतर ४९.५ मिमी आहे. माझ्या तारा तिथे ५२ मिमीवर आहेत, त्यामुळे कडेच्या तारा पोलवरून सव्वा सव्वा मिलिमीटर बाहेर जातात. एवढ्याने आवाज फारसा बिघडत नाही हे मला मान्य आहे आणि तक्रार या एका फरकापुरती असती तर मी पत्र लिहिले नसते.

तुमच्या प्रतिनिधींचे म्हणणे की रेझिस्टन्स हवामानामुळे बदलतो. तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला सुमारे ०.४ टक्के बदलतो. दहा अंश उष्णता वाढली तर ८.२ चे ८.५ होतील. १४.६ होण्यासाठी सुमारे दोनशे अंश वाढावे लागतील. रेझिस्टन्स म्हणजे आवाज नव्हे, बारीक तार वापरली तरी आकडा चढतो, हे मी जाणतो. पण या पिकअपमध्ये आकडाही वेगळा आणि चुंबकही वेगळे. वाजवल्यावर तेच कानाला कळते: वरचा उजळपणा गेला आहे, व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज स्वच्छ होत नाही, आणि ब्रिज पिकअप कितीही खाली उतरवला तरी नेक त्याच्यापुढे दबतो.

सर्वांत मोठी अडचण वायरींची आहे. चारऐवजी एकच आतली वायर आणि वर जाळीचे वेष्टन आले आहे. कॉइल स्प्लिटसाठी (दोनपैकी एकच कॉइल वाजवण्यासाठी) मी पुश-पुल पॉट (ओढल्यावर स्विचचे काम करणारे बटण) बसवला होता, तो निरुपयोगी झाला. शिवाय दोन्ही पिकअप एकत्र लावले की खर्ज नाहीसा होतो आणि आवाज नाकात येतो, कारण दोघांचा फेज उलट आहे, म्हणजे एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली जातो. चार वायरी असत्या तर दोन टोके उलटी जोडून मी पाच मिनिटांत हे दुरुस्त केले असते. इथे जाळी पिकअपच्या तळपट्टीला जोडलेली आहे. ती उलटवली तर तळपट्टीच सिग्नलवर येते आणि हात लागताच घरघर सुरू होते.

आता तुम्ही म्हणता की सोल्डर केलेला माल परत घेत नाही. वायरी कमी आहेत हे डबा उघडताच दिसले आणि मी त्याच दिवशी फोटोसह ई-मेल केला. "एकदा लावून तर बघा, आवाज आवडेल," असे मला फोनवर तुमच्याच माणसाने सांगितले. म्हणून सोल्डर केला. आता तेच कारण पुढे करून मला नकार देणे अन्यायाचे आहे.

इथे तंबोरा घेणारा दुकानात मांडी घालून जवारी (घोडीमुळे तारेला येणारा झणकार) ऐकतो. पटली नाही तर कारागीर त्याच्यासमोर पुन्हा घोडी घासतो. पिकअप घेणाऱ्याला ही सोय नाही. तो लागेपर्यंत ऐकता येत नाही, आणि तो लागावा म्हणून लाकूड कोरावे लागते. माझ्यासारख्या घरी बांधणाऱ्याच्या हाती तुमचे आकडे एवढेच असतात. मी खोबण, पॉट, स्विच सगळे त्यांच्यावर बेतले.

माझी मागणी अशी. जाहिरातीप्रमाणे अल्निको ५, ५२ मिमी, चार वायरींचा ब्रिज पिकअप पाठवावा, तोही माझ्याकडच्या नेकशी फेज जुळवून तपासलेला. आताचा पिकअप तुमच्या खर्चाने न्यावा. ते शक्य नसेल तर संपूर्ण संचाचे पैसे परत करावेत, कारण नुसत्या नेकचा मला उपयोग नाही. आणि पानावरचे वर्णन चुकले असेल तर ते आजच दुरुस्त करा, म्हणजे पुढच्या माणसाचे लाकूड वाया जाणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे अशीही त्यात तरतूद आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे जाईन.

सोबत बिल, तुमचे लेखी उत्तर, पहिल्या दिवसाचा ई-मेल आणि मीटरच्या वाचनांचे फोटो जोडले आहेत. पिकअप काढून मूळ डब्यात बांधून ठेवला आहे. गिटारची ब्रिजकडची खोबण तोवर रिकामीच ठेवतो.

आपला,
एक ग्राहक, मिरज